विलास खानविलकरने आणलेला बर्फ

विलास खानविलकरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका माणसाचं तोंड गाडीच्या बॉनेटवर दाबून उभा होता. शारजा औद्योगिक क्षेत्रातलं त्याचं गॅरेज, जुलैची दुपार, पत्रा असा तापलेला की हात लावला तर फोड यावा. तो माणूस किंचाळत होता आणि विलास अगदी हळू आवाजात विचारत होता, "मेरे आदमी को माँ की गाली दी ना? अब बोल. फिर से बोल."

माझ्या तोंडून "अरे देवा" निघालं. विलासने मान वळवली. "मराठी का?" म्हणाला. मग त्या माणसाची मान सोडली, रॉकेलने हात धुतले आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात विचारलं, "बोला, काय झालंय गाडीला?"

मी सेबॅस्टियन तुस्कानो, मूळचा वसईचा. दुबईत अल क्वोजमधल्या एका कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर. आमच्या फ्रीझर गाड्या तेव्हापासून विलासकडेच जायला लागल्या, कारण काम तो चोख करायचा. चिपळूणहून विशीत आलेला, अंगाने आडवा, मनगटं जाड. हाताच्या बोटांची हाडं सुजलेली. ती कामाने सुजली नव्हती. त्याची बायको उर्मिला दुबईतल्याच ऊद मेथाच्या एका शाळेत शिकवायची. एकदा माझी बायको पॉलिन तिला स्वयंपाकघरात विचारत होती, "वहिनी, तुमच्यावर कधी...?" उर्मिलावहिनी पोळी उलटत म्हणाल्या, "नाही. आमच्यावर हात नाही उचलला कधी. पण घरात एक दरवाजा धड नाही बघा."

अस्मी त्यांची एकुलती एक. इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. चौदाव्या वर्षी तिने हट्ट धरला तो स्कीचा. उतारावरून घसरत येतात ती स्की नव्हे. ही सपाटीवरची, लांब पल्ल्याची. टाच मोकळी, दोन्ही हातांत काठ्या, आणि स्वतःच्या दमावर मैलोन् मैल पळायचं. अंकुर रावत नावाचा उत्तराखंडचा एक जण इथे बँकेत होता. तो पोरांना चाकांच्या स्कीवर शिकवायचा. शुक्रवारी सकाळी शारजातले गॅरेजांचे रस्ते रिकामे असतात, तिथेच.

"वाळवंटात कुठला बर्फ आणि कुठलं स्की," म्हणून विलासने आधी एक खुर्ची मोडली. मग एका शुक्रवारी तो बघायला गेला. अस्मी त्याच्यासमोरून गेली, चढावर काठ्या मारत, तोंड लाल, दात आवळलेले. त्या दिवसापासून तिच्या चाकांची बेअरिंग तो स्वतः बसवू लागला.

अस्मी सतरा वर्षांची असताना अशाच एका शुक्रवारी एक मोठी गाडी तिला घासून गेली. ती डांबरावर पडली, कोपरापासून मनगटापर्यंत कातडं सोलून निघालं. गाडी थांबली नाही. विलासने बंद गाड्या ओढायची आपली रिकव्हरी व्हॅन काढली, तिसऱ्या सिग्नलला ती गाडी अडवली आणि ड्रायव्हरला खिडकीतून बाहेर ओढला. अंकुर मागून पोचला तोवर त्या माणसाचं नाक चपटं झालं होतं आणि विलास त्याच्या छातीवर बसून मारतच होता. दोघांनी धरून उचलावं लागलं. केस झाली, दंड झाला, काही आठवडे विलास आत राहून आला. सुटताना अधिकाऱ्याने बजावलं, "पुढच्या वेळी तुरुंग नाही, एअरपोर्ट. खलास."

घरी आल्यावर अस्मीने त्याला एकच सांगितलं. "पापा, इफ दे डिपोर्ट यू, आय लूज एव्हरीथिंग."

"नाही उचलणार हात," तो म्हणाला. "तुझी शपथ."

त्या हिवाळ्यात तिची काश्मीरला भारतीय संघासाठी निवड चाचणी होती. पहिलीच. आणि त्याच हिवाळ्यात काश्मीरमध्ये बर्फ पडला नाही. अंकुरच्या फोनवर फोटो यायचे : डोंगर तपकिरी, गवत वाळलेलं, घोडेवाले उन्हात बसलेले. चाचणी पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. उत्तराखंडची स्पर्धा तर रद्दच झाली. अंकुर म्हणाला, "चाकों पे दम बनता है, बॅलन्स नहीं. इसको बर्फ चाहिए." मॉलमधल्या इनडोअर स्नोहॉलने आधीच्या वर्षी पहाटेचा एक तास दिला होता. या वर्षी पहाटे यंत्रांची दुरुस्ती चालायची, म्हणून तो तासही बंद. डिसेंबरात विलास तिला घेऊन जॉर्जियाला गेला, शारजाहून स्वस्तात विमान मिळतं म्हणून. तिथे पाच दिवस पाऊस. स्कीच्या वाटेवर चिखल आणि गाई. परत आला तेव्हा विलासचा उजवा हात बँडेजमध्ये होता.

"कोणाला मारलंस?" मी विचारलं.

"हॉटेलच्या काचेच्या दरवाजाला."

मग जानेवारीत एका दुपारी त्याचा फोन आला. "सेबी, तुझी एक मोठी रूम रिकामी आहे ना?"

होती. एका चिकनवाल्याने जागा सोडली होती आणि नवा भाडेकरू फेब्रुवारीच्या शेवटी यायचा होता. विलासला कळलं होतं की स्नोहॉलवाले रोज जुना, कडक झालेला बर्फ खरवडून मॉलच्या मागे टाकतात. तिथे तो उन्हात वितळून गटारात जातो. विलास तिथल्या फोरमनला भेटला होता आणि फोरमनने हात झटकले होते, "ले जाओ, मेरा काम कम."

मी आमच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, विचारलं. म्हातारा हसत सुटला. "स्की? माझ्या फ्रीझरमध्ये? यल्ला, करा. जमीन खराब करू नका."

पुढचा आठवडाभर दुपारी आमची फ्रीझर गाडी मॉलच्या मागे जायची. विलास फावड्याने बर्फ भरायचा, त्या सुजलेल्या हाताने, कोणाला हात लावू देत नव्हता. बर्फ मळका, साखरेसारखा दाणेदार. रूममध्ये आम्ही तो पसरला, अंकुरने त्यावर पाणी शिंपडून दाबला. विलासने दोन लोखंडी पट्ट्या जोडून एक फळी बनवली. ती ओढली की स्कीसाठी दोन सरळ खाचा पडायच्या. तापमान मी शून्याच्या जरा खाली ठेवलं. भिंतीलगत गोल फिरणारी एक वाट तयार झाली.

अस्मीने स्की बांधल्या. पहिल्या वळणावर सपशेल पडली. दुसऱ्या फेरीला पुन्हा पडली. मग हळूहळू तिचे पाय त्या खाचांत बसले आणि ती सुटली. काठ्यांचा टक्-टक् आवाज, स्कीखालची खरखर, तिचा श्वास, वरती पंख्यांची घरघर. अंकुर ओरडत होता, "वजन आगे! घुटना!" ती फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिली. थांबली तेव्हा केसांवर दव गोठलं होतं आणि ती हसत होती. "पापा, इट्स ग्लायडिंग! इट्स ॲक्च्युअली ग्लायडिंग!"

विलास भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

वाटेवर दर दोन-तीन दिवसांनी थोडा नवा बर्फ टाकावा लागायचा. आणि तिथेच राहुल दळवी आला. राहुल इव्हेंटवाला. जुमैराच्या व्हिलांमध्ये मुलांच्या वाढदिवसाला 'स्नो पार्टी' करायचा. हाच टाकाऊ बर्फ तो आधी उचलायचा, आता त्याला कमी पडत होता. एकदा फोनवर शिवीगाळ झाली. विलासने फोन कापला आणि हात खिशात घालून फेऱ्या मारत राहिला.

त्या दिवशी अस्मी शाळेतून थेट आमच्या गाडीत बसून आली होती, स्की आणि काठ्यांसकट. मी स्टिअरिंगवर होतो, शेजारी विलास. मॉलमागे पोचलो तर राहुलची पिकअप आधीच उभी, सोबत दोन दांडगे हेल्पर.

"ढिगाला हात लावायचा नाही," राहुल म्हणाला.

"अर्धा तू ने, अर्धा मी," विलास म्हणाला. असा आवाज मी त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. जवळजवळ विनवणी होती ती. "पोरीची परीक्षा आहे रे."

"तुझ्या पोरीला सांग, फ्रिजमध्ये जाऊन बस."

विलासने फावडं बर्फात खुपसलं. एका हेल्परने ते हिसकावलं आणि त्याचा दांडा विलासच्या पाठीत घातला. विलास वळला. मला वाटलं, संपलं, आता हा त्याला जिवंत सोडत नाही. पण त्याने दोन्ही हात स्वतःच्या काखेत दाबून धरले. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसरा गुडघ्यामागे, आणि विलास खाली गेला. मी मध्ये पडलो, मला एकाने पिकअपवर ढकललं, बरगडीत कळ आली. ते लाथा मारत होते आणि विलास काखेत हात घट्ट धरून बर्फावर पडला होता, तोंडातून रक्त. राहुल वर उभा राहून म्हणत होता, "उठ ना. कुठे गेली मस्ती? सगळ्या शारजाला मारतोस ना?"

अस्मी गाडीतून कधी उतरली ते मी पाहिलं नाही. मला फक्त काठी दिसली. बर्फात रुतावं म्हणून त्या काठीला खाली पोलादी टोक असतं. तिने ती दोन्ही हातांनी डोक्यावरून आणली आणि राहुलच्या तोंडावर ओढली. गाल डोळ्याखालून कानापर्यंत उघडला. राहुल गुडघ्यांवर आला. तिने काठी पुन्हा उगारली, या वेळी खुपसायला, सरळ मानेवर नेम. विलास जमिनीवरून उसळला आणि मध्ये आला. टोक त्याच्या दंडात शिरलं. त्याने तिला तशीच मिठी मारली, काठी दंडात लोंबत होती, आणि तो म्हणत राहिला, "बस. अस्मी, बस. बस बाळा."

ती थरथरत नव्हती. ती अजून राहुलकडेच बघत होती.

पोलीस आले. हेल्परांनी सुरुवात केली हे मॉलच्या कॅमेऱ्यात दिसत होतं, पण काठीही दिसत होती. अस्मीला रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी आईच्या जामिनावर सोडलं. राहुलने तक्रार लावून धरली तर प्रकरण कोर्टात जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी विलास मला घेऊन राहुलच्या घरी गेला. दार राहुलने उघडलं. अर्धा चेहरा पट्टीत, डोळा सुजलेला. विलासने हात जोडले. "तिला सोड. जे करायचं ते मला कर."

राहुलने त्याच्या कानाखाली वाजवली. मग परत. मग उलट्या हाताने. विलासचा फुटलेला ओठ पुन्हा फुटला, रक्त उंबऱ्यावर पडलं. जोडलेले हात त्याने सोडले नाहीत. चौथ्यांदा राहुलने हात उचलला तेव्हा त्याची बायको संजना मागून आली आणि तिने तो मनगटात धरला. "पुरे. तुझी माणसं आधी तुटून पडली होती. आणि ती पोरगी सतरा वर्षांची आहे, राहुल." राहुल आत जाऊन सोफ्यावर बसला, पट्टीवर तळवा ठेवून. मग म्हणाला, "माझी मुलगी विचारते, बाबा तुम्हाला कोणी मारलं." त्याने तक्रार मागे घेतली. विलासनेही हेल्परांवर केस केली नाही.

अस्मी दोन दिवसांनी कोल्ड स्टोरेजमध्ये आली. स्की बांधल्या नाहीत. रिकाम्या क्रेटवर बसली. विलास दाराशी, दंडाला टाके.

"अंकल," ती मला म्हणाली, "मॉम टेल्स एव्हरीवन आय वॉज स्केअर्ड. आय वॉझन्ट. इट फेल्ट गुड."

विलास आत आला आणि तिच्यासमोर बर्फावरच बसला.

"मलाही बरंच वाटायचं," तो म्हणाला. "दर वेळेला. लोक म्हणायचे, विलासचं डोकं सटकतं. डोकं नाही सटकायचं गं. मजा यायची. नंतर घरी येऊन तुझ्याकडे बघवायचं नाही."

"सो व्हॉट डू आय डू?"

"मला माहीत असतं तर मी केलं नसतं का?"

ती रडली तेव्हा. पहिल्यांदाच. मग उठून तिने स्की बांधल्या आणि इतका वेळ पळत राहिली की अंकुरने शेवटी येऊन तिच्या काठ्या काढून घेतल्या. पुढच्या रविवारी ती एकटी राहुलच्या घरी जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं ते तिने कोणाला सांगितलं नाही.

फेब्रुवारीत काश्मीरमध्ये अखेर बर्फ पडला, एकदम, रस्ते बंद होईपर्यंत. आमच्याकडे नवा भाडेकरू यायचा होता. आम्ही वाट फोडली आणि बर्फ अंगणात लोटला. अस्मी, उर्मिलावहिनी आणि अंकुर काश्मीरला गेले. विलास गेला नाही. "मी तिथे उभा राहिलो तर काही झालं की ती आधी माझ्याकडे बघेल," म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या गॅरेजमध्ये होतो. वहिनींचा फोन आला, मागे वाऱ्याचा आवाज. अस्मी अकरावी आली होती. निवड झाली नव्हती. मग वहिनींनी सांगितलं की अर्ध्या वाटेत एका मुलीने तिला वळणावर मुद्दाम आडवी स्की घातली. अस्मी तोंडावर आपटली, नाकातून रक्त. उठली, काठी हातात, आणि त्या मुलीकडे बघत उभी राहिली. "मी डोळेच मिटले हो," वहिनी म्हणाल्या. "उघडले तेव्हा ती पुढे निघून गेली होती."

विलासने फोन कानाला घट्ट लावला होता. दुसऱ्या हाताची मूठ वळली होती.

"आणि ती दुसरी मुलगी?" त्याने विचारलं. "तिला कुठे लागलं नाही ना?"