इनायातच्या अर्जावरची सही

तांता शहरातल्या आमच्या बांधकाम कंपनीत इनायात अल-बहरावी हिने बावीस वर्षे नोकरी केली, आणि या बावीस वर्षांत एकाही महत्त्वाच्या कागदावर तिचे नाव आले नाही. वेळापत्रक ती आखी, मजुरांची जुळवाजुळव ती करी, आणि खाली सही साहेबांची होई. ही आमच्याकडची रीत आहे. या रीतीविरुद्ध तक्रार करणाऱ्याला उद्धट ठरवले जाते. तो मान मला अनेकदा मिळालेला आहे.

गेल्या वर्षी वरून हुकूम आला: प्रकल्पप्रमुख व्हायचे असेल तर प्रकल्प व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र पाहिजे. दमिएत्ताच्या रुग्णालयाचे काम इनायातला मिळणार होते. आता त्यापूर्वी परीक्षा आली. वय एक्कावन्न. निवृत्त होण्याआधी एक तरी काम स्वतःच्या नावावर असावे, एवढीच तिची इच्छा होती.

आई गेल्यापासून ती एकटीच राहत असे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तके मांडून ती उत्तरे मोठ्याने म्हणे; ऐकायला कोणी नसल्यामुळे संकोच नव्हता. कचेरीत मात्र ती पुस्तक उघडताच हातिम नावाचा तरुण अभियंता, अभियंत्यांना मानाने म्हणतात त्या 'बाशमुहंदिस' नावाने हाक मारून, थट्टा सुरू करी.

"बाशमुहंदिस, पेपराच्या दिवशी आम्ही आई-बापांसारखे शाळेच्या फाटकाशी उभे राहू हं!"

"राहा की. शाळेवाल्यांनी तुलाच परत वर्गात बसवलं नाही म्हणजे झालं," ती मान वर न करता म्हणे.

परीक्षेला बसण्यापूर्वी अर्ज करावा लागतो आणि गेल्या आठ वर्षांत आपण स्वतः कोणत्या प्रकल्पांचे नेतृत्व केले ते त्यात लिहावे लागते. इनायातने कफ्र अल-झय्यातच्या सांडपाणी उपसा केंद्राचे काम लिहिले. ते आमच्या सरकारी पत्रांच्या वळणाने लिहिले: 'माननीय अभियंता रुश्दी यांच्या मार्गदर्शनाखाली, आम्हां सर्वांच्या अल्पशा प्रयत्नांनी.' अदब म्हणून आम्हाला हेच शिकवलेले आहे. उत्तर आले की या वर्णनावरून अर्जदाराने नेतृत्व केल्याचे दिसत नाही; वर्णन सुधारून त्यावर त्या वेळच्या वरिष्ठांची सही नव्वद दिवसांत पाठवावी.

तिने नवे वर्णन लिहिले. त्यात 'मी' हा शब्द अकरा वेळा आला. मग तांताच्या मिठाईचा डबा घेऊन ती झगाझिगला, त्या वेळचे वरिष्ठ, आता निवृत्त झालेले रुश्दी बे (बे म्हणजे साहेब) यांच्या घरी गेली. रुश्दी बे विधुर, मुलगी जेद्दाला. दर ईदला इनायातला आठवणीने फोन करणारे तेवढे एकच माणूस उरले होते.

"ये, पोरी, ये! वाळलीस किती! जेवतेस की नुसती पुस्तकं खातेस?"

त्यांनी स्वतः चहा केला. मग चष्मा चढवून कागद वाचला, आणि पुन्हा पहिल्या ओळीवर गेले.

"छान लिहिलंयस. पण यात मी कुठे आहे गं?"

"वरिष्ठ म्हणून खाली सही तुमचीच आहे ना, रुश्दी बे."

"सही शिपाईसुद्धा करतो. आपण दोघांनी मिळून केलं, असं लिही. लगेच करतो."

"तसं लिहिलं तर परत पाठवतील. एकदा पाठवलंय."

"मग ते मूर्ख आहेत. ते केंद्र माझं आहे, इनायात. या घरात येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगत आलोय."

ती एकेक करून सांगू लागली: खड्ड्यात पाणी भरले तेव्हा काँक्रीट कोणी थांबवले, पंपाचा पुरवठादार पळाला तेव्हा दुसरा कोणी गाठला, कामगारांनी काम बंद ठेवले तेव्हा त्यांच्यात जाऊन कोण बसले.

"मीसुद्धा तुला हेच करायला सांगितलं असतं."

"सांगितलं असतंत. पण तुम्ही तेव्हा जेद्दाला होतात. सात महिने. मी कोणाला बोलले नाही."

रुश्दी बेंनी खिशातून पेन काढले आणि सही केली. पूर्वीसारखीच लांबलचक, कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. आमच्याकडे यजमान पाहुण्याला जिन्यापर्यंत, आणि जिव्हाळा असेल तर रस्त्यापर्यंत सोडायला येतो. ते खुर्चीतून उठले नाहीत.

"दार ओढून घे," एवढेच म्हणाले.

अर्ज मंजूर झाला. चार महिन्यांनी एकशे ऐंशी प्रश्न सोडवून ती पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली. कंपनीने गुलाबाचे सरबत वाटले, संचालकांनी स्वतःच्या दूरदृष्टीवर भाषण केले, आणि दमिएत्ताच्या आदेशावर प्रथमच तिचे संपूर्ण नाव छापून आले. तिने त्या दिवशी झगाझिगला तीनदा फोन लावला. घंटा वाजत राहिली. ईद येऊन गेली, तिकडून फोन आला नाही.

प्रमाणपत्र टपालाने आले तेव्हा ते कोणाला दाखवावे हे तिला सुचेना. शेवटी ती ते घेऊन माझ्या टेबलाशी आली. मी वरपासून खालपर्यंत वाचले आणि 'छान' म्हणालो. त्याहून अधिक काही म्हणावे असे नाते बारा वर्षे शेजारी बसूनही आमच्यात कधी जुळले नव्हते. तिने मान हलवली, कागद पाकिटात घातला आणि ती दमिएत्ताच्या कामाच्या फायली बांधायला लागली.