भावजींची रबरी नाव

माझं माहेर मला सासरच्या पाणवठ्यावरून दिसायचं. बायका म्हणतात, केवढं नशीब तुझं. म्हणायला काय जातं? पैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव, निजामाच्या मुलखात. पलीकडे आईचं गाव, वऱ्हाडात. उन्हाळ्यात लुगडं जरा वर धरून उथळ पाण्याच्या उताराने चालत जाता यायचं. पावसाळ्यात लाकडी नाव असायची. पण मी सांगते त्या पावसाळ्यात, देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आलं तरी आमचा मुलूख अधांतरीच होता, तेव्हा काठावरच्या नावा वर ओढून साखळ्या घालायचा हुकूम आला. रस्त्यांवर नाके बसले. गावाची वेस दिवेलागणीला बंद व्हायला लागली. कमरेला भोपळे बांधून पोहणारे दोन-चार गुराखी सोडले, तर इकडचं माणूस तिकडे जाईना.

आणि मला आठवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा रिवाज सगळीकडेच आहे, पण आमच्या घरात तो नुसता रिवाज नव्हता. माझी थोरली बहीण पहिल्या खेपेला पुरामुळे सासरी अडकली आणि लेकरासकट गेली. तेव्हापासून आईने धसका घेतला होता. धाकटीला काही झालं तरी आपल्या हाताखाली बाळंत करीन, असं ती औंढ्याला नागनाथासमोर बोलून आली होती. गुराख्याबरोबर दर आठवड्याला तिचा निरोप यायचा: पोरीला कवा धाडता? मी पाण्याला गेले की पलीकडच्या चिंचेखाली ती उभी असायची. मी घागर जरा वर उचलायची, ती हात हलवायची. हाक मारायची सोय नव्हती. सासरच्या गावात सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, आणि माझा तर चुलीपलीकडेही जात नव्हता.

घरात आम्ही तिघं. घरधनी हिंगोलीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, ते तिकडेच अडकले. सासरे नव्हते. सासूबाई दोन विहिरींची शेती एकटीने हाकायच्या. गडी त्यांना वचकून असत आणि मी तर त्यांच्या चपलेच्या आवाजालाही दचकत असे. तिसरे भावजी, म्हणजे धाकटे दीर. ते लढाईत लॉरी चालवून आलेले. येताना मुंबईकडे ढिगाने विकला जाणारा पलटणीचा उरलासुरला माल बघितला आणि त्यांना राहवलं नाही. गाडीतून उतरली ती एक घडी घातलेली रबराची नाव आणि पोत्यात गुंडाळलेलं तिचं छोटं इंजिन.

"रिकामा न्हावी अन् भिंतीला तुंबड्या लावी," सासूबाई म्हणाल्या. दोन वर्षं ती घडी माळ्यावर पडून होती. नावा बंद झाल्या तशी ती खाली आली.

"वैनी, तुमाला पल्याड पोचवतो की न्हाई बघा," भावजी म्हणाले. त्या दिवसापासून मी त्या नावेला माझा जीव टांगला.

हवा भरायचा पंप मूळ मालातच नव्हता. मग लोहाराचा भाता आला. अंगणात भाता फुसफुसायला लागला आणि ती राखी रंगाची चवड हळूहळू फुगून म्हशीएवढी झाली. कोंबड्या कौलांवर जाऊन बसल्या. भावजींनी रिठ्याचं पाणी करून सगळ्या अंगाला लावलं. जिथे बुडबुडा येईल तिथे भोक. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून, सोल्युशन लावून एकेक ठिगळ बसवलं. इंजिन अडकवायला मागच्या बाजूला मोडक्या बैलगाडीची सागवानी फळी घेतली. ती रबराला धरायची कशी, यातच त्यांचे कितीतरी दिवस गेले. शेवटी जाड रबराच्या पट्ट्या चिकटवून, त्यातून दोरी ओवून फळी आवळली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. भाकरी करपायच्या. सासूबाई करपलेल्या भाकरी मुकाट्याने स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि मला वाटायचं, हिशेब कुठेतरी लिहिला जातोय.

इंजिनाची तऱ्हा निराळीच. ते बैलांच्या हौदात सोडून बघितलं. दोरी ओढून ओढून भावजींचा खांदा सुजला. सुरू झालं तेव्हा हौदातलं निम्मं पाणी अंगणात आणि बैल दावं तोडून मळ्यात. धूर एवढा, की शेजारीण विचारायला आली, काय जळून राहिलं म्हणून. भावजी म्हणाले, तेल जास्त पडतंय. पेट्रोलात तेल मिसळावं लागायचं; ते कमी केलं. प्लग काढायचे, काजळी खरवडायची, परत लावायचे. एक बारीक स्क्रू होता, तो केसभर इकडे फिरवला की इंजिन खोकायचं, केसभर तिकडे फिरवला की बंद पडायचं. कान लावून बसायचे. वैद्य नाडी बघतो तसं त्यांचं चाललेलं असे, आणि मी आत बसून त्या इंजिनाच्या तब्येतीची काळजी करायची. स्वतःची तब्येत कोणी विचारली असती तर मला सांगता आलं नसतं.

मग तोल. "वैनी, वजन किती तुमचं?" भावजींनी विचारलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "एक पोतं अन् वर पायलीभर," त्या म्हणाल्या. "पोटासकट."

म्हणून माझ्या जागी ज्वारीचं पोतं ठेवून नदीच्या वळणावर, बाभळींच्या आडच्या डोहात पहिली चाचणी झाली. नाव पुढून उचलली जायची. पोतं पुढे सरकवलं. पंखा पाण्यावर येऊन नुसताच फेस करायचा. फळी दोन बोटं खाली घेतली. संध्याकाळपर्यंत ती नाव डोहात अशी फिरायला लागली की भावजी एका हाताने इंजिन धरून दुसऱ्याने मिशीला पीळ देत होते. ठिगळं धरली, फळी धरली. मी घरी येऊन गाठोडं बांधलं. दोन लुगडी, बाळंतविडा, आईसाठी थोडे तीळ. सासूबाई गाठोडं बघून चुलीकडे वळल्या.

पेट्रोल मात्र संपलं. ते आणायला भावजी हिंगोलीला गेले आणि नाक्यांमुळे तिकडेच अडकून बसले. तेवढे दिवस नाव गोठ्यात होती. आणि तेवढे दिवस सासूबाई रोज दुपारी गोठ्यात जाऊन तिला करडीचं तेल लावत होत्या.

हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. विहिरीवरची मोट कातड्याची असते. तिला तेल पाजलं नाही तर ती वाळते, तडकते आणि ऐन भरल्या विहिरीवर दगा देते. ज्या घरची मोट मऊ, त्या घरची बाई हुशार असा हिशेब. सासूबाईंची मोट गावात नावाजलेली. त्यांच्या दृष्टीने ही नावही फुगवलेली मोटच. हाताने चोळून चोळून त्यांनी तिला तेल पाजलं. सांध्यांना, ठिगळांना, फळीच्या पट्ट्यांना तर जास्तच. नाव काळीभोर चमकायला लागली. मीही दारातून बघून मनात म्हटलं, चला, निदान नावेला तरी माया मिळतेय.

भावजी एका संध्याकाळी नाके चुकवत, आडरानाने पेट्रोलचा डबा घेऊन आले. नावेवर हात ठेवला आणि हात तसाच धरून उभे राहिले. हाताला चिकट लागत होतं. "माय, काय लावलं गं हिला?"

"तेल. कोरडी पडली व्हती."

त्यांनी फडक्याने ठिगळं पुसून काढली. पण पहाटे, सगळं ठरलेलं असताना, गुराख्याच्या निरोपावरून पलीकडे आई चिंचेखाली येऊन उभी असताना, म्हणाले, "आधी पोतं जाऊ द्या. मंग वैनी." ज्वारी भिजू नये म्हणून सासूबाईंनी माझंच एक जुनं हिरवं लुगडं पोत्याला गुंडाळलं. मी बाभळींच्या मागे गाठोड्यावर बसले. गडी माणसं होती, पुढे जाऊन उभं राहणं शोभलं नसतं.

इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं. खोकला नाही, धूर नाही. इतके दिवस ज्या आवाजासाठी भावजी कान लावून बसले होते तो आवाज. नाव सरळ निघाली. मधल्या धारेला लागली तेव्हा भावजींनी जोर वाढवला, आणि फळी सुटली. पट्ट्या साल निघावी तशा रबरावरून निघून आल्या. इंजिन फळीसकट मागे उलटलं आणि बुडालं. एक सांधा उसवला, मग दुसरा. नाव मधोमध दुमडली आणि हिरवं लुगडं पाण्यात गेलं.

भावजी पोहणारे होते, खालच्या बाभळींना धरून बाहेर आले. पण पलीकडून जो आवाज आला, तो मी आयुष्यात परत ऐकला नाही. आईला दुरून एवढंच दिसलं होतं की हिरवं लुगडं नावेत होतं आणि आता नाही. ती चिखलात बसली होती, जमिनीवर हात आपटत होती आणि थोरलीचं नाव घेत होती. माझं नव्हे, थोरलीचं.

मी उठले, पुढे धावले. काठावर गावचे पुरुष, त्यांत माझे चुलत सासरे. तोंड उघडलं, पण हाक येईना. दोन वर्षं दाबून ठेवलेला आवाज मागितल्याबरोबर कुठून यायचा?

सासूबाई माझ्या मागे आल्या. माझ्या डोक्यावरचा पदर त्यांनी स्वतःच्या हाताने खाली ओढला. "वरड," त्या म्हणाल्या. "काहून उभी हाईस? तिचा जीव जाईल. वरड, पोरी."

"माय," मी ओरडले. "माय, मी इथं हाव. पोतं गेलं, माय, पोतं."

तीन-चार हाका माराव्या लागल्या. मग आई उठली आणि पाण्यात गुडघाभर शिरून, डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. तिला मी दिसले. ती काहीतरी बोलली, ते पाण्याच्या आवाजात मला कळलं नाही. ऊन वर येईपर्यंत आम्ही दोघी आपापल्या काठावर बसून होतो.

माझी पहिली मुलगी त्याच घरात झाली, सासूबाईंच्याच हातावर, आणि आम्ही दोघी जगलो. हे आत्ताच सांगून टाकते. कोणाचा जीव टांगणीला लावायची मला हौस नाही. सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं.

भावजींनी सासूबाईंना समजावून सांगितलं होतं की रबर म्हणजे कातडं नव्हे, तेल त्याला खातं, सोल्युशन तर पार विरघळवतं. गावात दुपारपर्यंत वेगळीच बोलवा उठली: म्हातारीने मुद्दाम केलं, सुनेला धाडायचं नव्हतं. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. तोवर माझ्या कोंडीला नदी होती, नाके होते, हुकूम होता, रागवायचं कोणावर? आता माणूस सापडलं.

सासूबाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं. मी ते सारलं आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून बोलले. "आत्याबाई, तुमाला मला जाऊ द्यायचंच नव्हतं."

मला वाटलं होतं त्या भडकतील, निदान नागनाथाची शपथ घेतील. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. लाकूड आत सरकवलं.

"न्हवतंच," त्या म्हणाल्या. "थोरला तिकडं अडकला. धाकट्याचा पाय घरात ठरत न्हाई. तू गेलीस अन् वाट अशीच बंद ऱ्हायली, तर तू यायची न्हाईस, लेकरू यायचं न्हाई. म्या ह्या घरात कुणासंगं बोलू? रोज वाटायचं, नाव नीट होऊच नये."

त्यांनी चुलीतले निखारे मागे ओढले.

"पण तेल त्यापायी न्हाई लावलं, पोरी. जाशीलच तर मधी बुडू नये म्हणून लावलं."

त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा राग धरून मी तो पावसाळा काढला असता, आणि कदाचित पुढचीही सगळी वर्षं. आता तेवढाही आधार राहिला नाही. मला ज्या बाईने अडकवलं होतं, ती माझ्याआधीपासून तिथे अडकलेली होती, आणि आम्ही दोघी एकाच चुलीपुढे बसलो होतो.

त्यांनी ताट परत माझ्यासमोर सरकवलं. "जेव. दोन जिवांची हाईस."

मी जेवले.