तागाच्या बियांचा रिपोर्ट

आबा दर रविवारी दिंडोरीहून येतात, चहा पितात आणि पिशवीतून आपलं बीपीचं मशीन काढतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या दंडाला पट्टा बांधतात, बटण दाबतात आणि आकडा मोठ्यानं वाचतात. "एकशेदहा-सत्तर. नॉर्मल हाय की." दर रविवारी हेच. तिचं दंडातलं बीपी नॉर्मलच असतं. वाढलंय ते फुफ्फुसातलं, आणि तिथं पट्टा बांधता येत नाही. हे मी आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, निदान पन्नासदा समजावलंय. नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते मी. बारावीची आख्खी तुकडी दमवत नाही एवढं आबांनी मला दमवलं.

बहीण शाळेत चित्रकला शिकवायची. वर्ग तिसऱ्या मजल्यावर. जिना चढून गेली की पहिली दहा मिनिटं तिला बोलता यायचं नाही. कुणी म्हणालं रक्त कमी आहे, कुणी म्हणालं टेन्शन घेते. मी म्हणाले, "जरा चालत जा, अंगाला सवय नाही तुझ्या." ते वाक्य अजून मला टोचतं. निदान व्हायला दोन वर्षं गेली. डॉक्टरांनी सांगितलं, फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आक्रसल्यात, हृदयाची उजवी बाजू त्यांच्याशी झगडून थकत चाललीये. गोळ्या आहेत, त्या आजार लांबवतात, घालवत नाहीत. आबांनी विचारलं, कशानं झालं? डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही, काहींना असंच होतं. तेव्हापासून बहीण माझ्याकडेच आहे, तळमजल्यावर.

मग मी दीडशहाणपणा केला. ऑफ तासाला नेटवर वाचत बसले होते. द्राक्षाच्या सालीत एक द्रव्य असतं, रेसव्हेराट्रॉल. ते दिलं तर उंदरांच्या फुफ्फुसातला दाब उतरतो, असं लिहिलेलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले आणि आबांना फोन लावला. त्यांची तीन एकर द्राक्षबाग आहे. 'उंदीर' हा शब्द मी शेवटी आणि हळू उच्चारला. माणसांच्या बाबतीत अजून काही नक्की नाही, हे तर बोललेच नाही.

आबांनी त्या वर्षी बांधाकडची एक ओळ बिनफवारणीची ठेवली. पोरीला साल खायचीय, मग सालीवर औषध नको. बिनफवारणीच्या ओळीवर रोग येणार हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. शेजारचे बागाईतदार तोंडावर म्हणाले, आबा, तुमची एक ओळ आमच्या बागा खाईल. छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि ओळीवर डाऊनीची बुरशी आली. घड काळे पडून गळाले. जे दहा-बारा वाचले ते आबांनी एक्स्पोर्टच्या मालासारखे कागदात गुंडाळून जपले आणि फेब्रुवारीत आणून दिले.

ते समोर बसले आणि बहीण साली चावत राहिली. "तुरट लागतंय," ती म्हणाली.

"तुरट म्हंजे औषध असणार. कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय आबा."

खाटेवरून बेसिनपर्यंत जाताना ती दोनदा थांबली होती. उंदरांचा डोस तिच्या वजनाला किती होईल, हे मी एका जुन्या पेपरच्या पाठीमागं मांडून बघितलं होतं. द्राक्षं रोज ट्रॅक्टरनं आणावी लागली असती.

त्याच बैठकीत आबांनी विचारलं, "मला एक सांग. उंदरांना हा आजार झालाच कसा? त्यांना काय जिने चढायचे असतात?"

मी पेपर तपासत होते. मान वर न करता बोलून गेले, "होत नाही, लावतात. तागाच्या जातीचं एक झाड असतं, त्याच्या बियांतलं विष टोचतात."

मान वर केली तेव्हा आबांचा हात ताटलीवर तसाच थांबला होता.

ताग म्हणजे आमचं हिरवळीचं खत. आबा दर पावसाळ्यात द्राक्षाच्या ओळींमध्ये ताग पेरायचे आणि फुलावर आला की जमिनीत गाडायचे. बांधाकडचा थोडा बियाण्यासाठी राखायचे. त्याच्या वाळल्या शेंगा खुळखुळतात. बहीण लहानपणी त्या पायांना बांधून बागभर नाचायची. आबांनीच बांधून दिलेल्या असायच्या.

"म्हंजे मीच," आबा म्हणाले.

मी नाही नाही म्हटलं. डॉक्टरांना फोन लावून दिला. ते म्हणाले, काका, काही संबंध नाही, ते झाड वेगळं, आणि हिनं बी खाल्लेलंही नाही. बहीण म्हणाली, "मी नुसतं वाजवलं आबा." पण आबांनी ते ऐकून घेतलं नाही. मला तेव्हा रागच आला. आता कळतं. त्यांच्या बागेत पानावरच्या प्रत्येक डागाला नाव असतं, नावाला औषध असतं, आणि बाग गेली तर चूक कुणाची तेही ठरलेलं असतं. कारण नसलेला रोग त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यापेक्षा स्वतःचा गुन्हा त्यांना सोसवत होता.

पुढच्या रविवारी त्यांनी एक पुडी आणली. एक्स्पोर्टच्या द्राक्षांचा नमुना तोडणीआधी लॅबला जातो, औषधाचा अंश किती राहिलाय ते बघायला. रिपोर्ट येईपर्यंत घडाला कुणी कात्री लावत नाही. अगदी तसंच आबांनी तागाचं बी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं होतं. आत चिठ्ठी होती: प्लॉट, तारीख, खाली सही.

"तुझ्या कॉलेजात तपास. ईष किती हाय ते कळू दे."

आमच्या लॅबमध्ये ब्युरेट आहेत, लिटमस आहे आणि एक तराजू, तो टपली मारल्याशिवाय चालत नाही. तसं तोंडावर सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "ठेवा, बघते." ही माझी आणखी एक चूक. ती पुडी मोरचुदाच्या बाटलीमागं पडून आहे.

यंदा आबांनी ताग पेरला नाही. बहिणीच्या नाकाला आता ऑक्सिजनची नळी असते. परवा ती म्हणाली, "ताई, सांगून टाक ना, काही निघालं नाही म्हणून."

"मग ते काय धरून बसतील?"

ती बराच वेळ श्वास घेत राहिली. "मग सांग, निघालं."

"ते तरी त्यांना झेपेल का?"

तिनं नाकातली नळी सारखी केली. एवढी शिकले आणि घरातल्या दोन माणसांपैकी एकाच्याही उपयोगाची नाही.

कालच्या रविवारी आबा आले. पट्टा बांधला, आकडा वाचला, नॉर्मल म्हणाले. मशीन पिशवीत घालता घालता, माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "रिपोर्ट?"

"अजून नाही आला, आबा."

"बरं. घाई नको करू." त्यांनी बहिणीच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. "रिपोर्ट येईस्तोवर कुणी कात्री लावत नाय."

बहिणीनं माझ्याकडं बघितलं आणि नकारार्थी मान हलवली, आता काहीच सांगू नकोस अशी. मी चहाचे कप उचलून आत नेले.