लटारू सोंगाड्याला मिळालेलं बक्षीस

लटारूला पाहिलं की हिरडबोडीची माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, काय जी, बरं हाय ना? यात त्याचा काही दोष नाही. दिसायला चारचौघांसारखा, अंगानं वाळका, धानाच्या बांध्यांत राबणारा माणूस. पण उभा जन्म दंडारीच्या लोकनाट्यात सोंगाड्याचं काम केल्यावर चेहरा स्वतःचा राहत नाही, तो गावाच्या मालकीचा होतो. एकदा शेजारगावी मयतीला गेला होता. तिरडीजवळ उभं राहून त्यानं नाक शिंकरलं, तर मागच्या दोघांना हसू आवरेना. तेव्हापासून तो मयतीला लांबच उभा राहतो.

हिरडबोडी वैनगंगेच्या काठाला आहे. नदीच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. दिवाळी झाली, हलकं, लवकर येणारं धान निघालं की या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. सिंगाड्यांचे ढीग, जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं, माहेरी आलेल्या लेकी, आणि गावाबाहेर गुरं गोळा होतात त्या आखरावर भरदुपारी दंडार. दंडारीत सोंगाड्याला मोकळीक असते. वर्षभर ज्याच्यापुढं मान वर करता येत नाही, त्याची त्या दिवशी भर आखरावर नक्कल करायची, आणि त्यानं राग धरायचा नाही. उलट खुश होऊन बक्षीस द्यायचं. सोंगाड्यानं ती नोट कपाळाला लावायची, देणाऱ्याचं नाव मोठ्यानं पुकारायचं, ढोलकीवर थाप पडायची. अशी रीत.

या मोकळिकीचा लटारूनं पुरेपूर वापर केला. रेशनवाला नथ्थू मापात मारायचा. तक्रारी झाल्या, साहेब आले, चहा पिऊन गेले. मग एका मंडईत लटारू तराजू घेऊन उतरला. एका पारड्यात वजन, दुसऱ्या पारड्यात धान्याऐवजी स्वतःचा अंगठा, आणि अंगठा दाबताना चेहऱ्यावर असा काही भक्तिभाव, की बायांनी पदर तोंडात कोंबले. नथ्थू खाली मान घालून आखरावरून निघून गेला आणि पुढच्या महिन्यापासून गावाला धान्य पुरं मिळू लागलं. लटारूला वाटलं, ही आपल्या सोंगाची करामत. ती नथ्थूच्या लाजेची करामत होती, हे त्याला फार उशिरा कळलं.

ज्योत्स्ना ही त्याच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोरगी लहान होती. लटारूनं आणि त्याच्या बायकोनं, रंभानं, तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. बारावी झाली, अंगणवाडीत मदतनीस लागली, आणि सेविकेची जागा निघाली तेव्हा तिनं अर्ज केला. अर्ज काही हलेना. कोणीतरी सांगितलं, आमदारांचा शब्द टाकून पाहा.

आमदार म्हणजे हेमराजभाऊ. प्रत्येक चौकात त्यांचा बॅनर. हात जोडलेले, सगळे दात दिसणारे, खाली मोठ्या अक्षरांत ‘बहिणींचा हक्काचा भाऊ’. या हक्काच्या भावाला ज्योत्स्नानं फोन केला, आणि मग भावाचेच फोन सुरू झाले. आधी काम विचारलं. मग जेवलीस का विचारलं. मग म्हणाला, “रेस्ट हाऊसवर एकटीच येजो, बाकी मी पाहून घेतो.” त्यापुढं तो जे बोलला ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. पोरगी घाबरली, पण खमकी. पुढचा फोन तिनं रेकॉर्ड केला आणि तालुक्याच्या ठाण्यात जाऊन तक्रार दिली.

इथून पुढं जे झालं त्यानं कोणाचंही डोकं फिरावं. विरोधी पक्षाचा एक पुढारी धावत आला. ताई, आमी तुमच्या पाठीशी आहो म्हणाला, रेकॉर्डिंग मागून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी ते जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर वाजत होतं. मोर्चा निघाला, पुतळा जळाला, भाषणं झाली. आणि दिवाळीच्या आधी हाच पुढारी गळ्यात हार घालून हेमराजभाऊंच्या पक्षात गेला. दोघं एकमेकांना पेढा भरवतानाचा फोटो त्याच फोनांवर फिरला. आमदार बाहेर सांगत होता, आवाज माझा नाही, आजकाल मशीन कोणाचाही आवाज काढते. आणि आपल्या माणसांत मांडी थोपटून सांगत होता, मर्द माणूस आहे, होते कधीमधी. चौकशी सुरू होती. या देशात चौकशीइतकी निवांत चालणारी दुसरी गोष्ट लटारूनं पाहिली नव्हती.

पण त्याला खरी चीड आली ती आपल्याच लोकांची. पानठेल्यावर कोणी उठून निघाला की दुसरा म्हणायचा, “एकटीच येजो!” आणि सगळे फिदीफिदी हसायचे. शाळेतली पोरं एकमेकांना तेच म्हणायची. ज्योत्स्ना नळावर गेली की बाया गप्प व्हायच्या. गुन्हा केला त्यानं, आणि तोंड लपवून चालावं लागलं हिला! आमदारकी मिळाल्यावर कातडी जाड होते, की कातडी जाड असेल त्यालाच आमदारकी मिळते, हे कोडं लटारू बांधावर बसून घोळवायचा आणि विडी न ओढताच विझवून टाकायचा.

मंडईच्या आधी सरपंच घरी येऊन गेला. सोमवारी ज्योत्स्नाला ठाण्यात जबाबाला बोलावलं होतं. जबाब देऊ नको, तक्रार मागं घे, गावाचा रस्ता मंजूर व्हायचा आहे, असं त्याचं गोड बोलणं. तो गेल्यावर ज्योत्स्ना बराच वेळ सुपातलं धान नुसतंच पाखडत राहिली.

“मामा,” ती म्हणाली, “मंडईले तो येऊन राह्यला म्हनते. मंडप त्याचाच, साउंड त्याचाच.”

“येऊ दे.”

“त्याचे तोंडावर कोनी एकानं तरी म्हनलं ना, का तू वाईट केलं, तर मी सोमवारी जाते. मंग काही का होवो. पन एक मानूस तरी बोलला पायजे. नाईतर सोडून देते मी. थकली मी आता.”

“म्या हाय ना बाई,” लटारू म्हणाला. “माह्या हातून आजलोक कोनी सुटला का?”

रंभा चुलीजवळून म्हणाली, “तुमी हसवता जी. ह्यात हसासारखं काय हाय?” लटारूनं ते कानावर घेतलं नाही. कलावंताच्या घरातल्या बायकोचं कोणी ऐकतं का!

मंडईच्या दिवशी आखर भरून वाहत होता. पुढं लाल सोफा, सोफ्यावर हेमराजभाऊ, बाजूला काल मोर्चा काढणारा आणि आज पेढा खाणारा तो पुढारी. बायांच्या बाजूला रंभा आणि तिच्या शेजारी ज्योत्स्ना, पदर घट्ट ओढून. सुकलूनं ढोलकी घुमवली आणि लटारू उतरला.

त्यानं आमदाराचाच एक जुना बॅनर आणला होता. त्यातलं तोंड कापून तिथून स्वतःचं तोंड काढलेलं, दोन्ही हात बाहेर जोडलेले. नुसतं उभं राहिल्यावरच अर्ध्या आखराला ठसका लागला. मग त्यानं पायातली चप्पल काढून कानाला लावली. “हालो, कोन, बहीण का? कोनती बहीण? माह्या लय बहिनी हायेत बाप्पा, नंबर सांग!” हशा. “काम हाय? होते ना! जेवली का? काय जेवली? कोनासंगं जेवली?” पुन्हा हशा. मग त्यानं डोळे बारीक केले, मान वाकडी केली, जिभेनं ओठ ओले केले आणि हळूच, घोगऱ्या आवाजात म्हणाला, “एकटीच येजो.”

आखर फुटला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, पोरं उड्या मारत होती. लटारूनं तिरप्या नजरेनं सोफ्याकडं पाहिलं. आता मान खाली जाईल, आता रुमाल निघेल, आता हा उठेल.

हेमराजभाऊ हसत होता. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, उठला, माइक मागून घेतला. “वा, लटारूभाऊ, वा! कलाकार असावा तर असा. आपल्यावर टीका झाली तरी आपन खुश होतो. हीच तर लोकशाही आहे!” टाळ्या पडल्या. तो स्वतः चालत आला, खिशातून नोट काढली आणि लटारूच्या हातात ठेवून फोटोसाठी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

आणि तेव्हा लटारूच्या हातून ते घडलं. हात आपसूक वर गेला, नोट कपाळाला लागली आणि तोंडातून खणखणीत आवाजात निघालं, “आमचे लाडके हेमराजभाऊ, खुश होऊन बक्षीस देते होऽऽ! त्याईचं नाव राहो, त्याईचं गाव राहो!” सुकलूची थाप त्याच क्षणी पडली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी दटावलं नव्हतं. आयुष्यभराची सवय होती, ती डोक्याला न विचारता तोंडात आली.

शब्द संपले आणि लटारू भानावर आला. त्यानं बायांच्या बाजूला पाहिलं. ज्योत्स्ना त्याच्याकडंच बघत होती.

“थांबव!” तो सुकलूवर ओरडला. बॅनर गळ्यातून ओढून फेकला, नोट मातीत टाकली. “थांबा! हा मजाक नोहोय! माही भाची हाय ते. माह्या घरची पोरगी हाय. ह्या मानसानं तिले फोन करकरून—” त्याचा आवाज चिरकला. चेहऱ्यावरचा पांढरा रंग घामानं ओघळत होता. “वाईट केलं यानं! वाईट केलं! तुमाले समजत काऊन नाई?”

लोक आणखी जोरात हसले. सोंगाड्यानं नवीन काहीतरी काढलं म्हणून हसले. “काय रडते बाप्पा, अस्सल!” कोणीतरी ओरडलं. लटारू गुडघ्यावर बसला आणि खरंच रडायला लागला, तेव्हा तर टाळ्या थांबेनात. सुकलूलाही कळेना, त्यानं बिचाऱ्यानं रडण्याच्या तालावर ढोलकी धरली. सोफ्यावर परत जाऊन बसलेल्या हेमराजभाऊनं दुसरी नोट काढून वर धरली.

ज्योत्स्ना उठली आणि सिंगाड्याच्या दुकानांमधून घराकडं निघून गेली. तिला वाट द्यायलाही कोणाचं लक्ष नव्हतं.

लटारू घरी आला तेव्हा दिवस अजून वर होता. तोंडावरचा रंग तसाच. ज्योत्स्ना अंगणात बसली होती. तिच्यासमोर उभं राहायला त्याला तोंड नव्हतं, म्हणून तो चार पावलं लांब, गोठ्याच्या खांबाशी बसला.

“म्या बोललो बाई,” तो म्हणाला. “त्याच्या तोंडावर बोललो.”

“ऐकलं मी.”

“लोकंच मेले हरामखोर हायेत.”

“त्याईचं काय घेऊन बसले, मामा. ते शब्द मी रोज ऐकते. पानठेल्यावर ऐकते, पोरांयच्या तोंडून ऐकते. आज तुमच्या तोंडून ऐकले.” ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावलेली नव्हती. “तुमचं मन मले मालूम हाय. पन तुमी बोलले का लोकं हसते. त्याले तेच पायजे होतं. हसून झालं का संपलं.”

लटारूनं खांबाला डोकं टेकलं. चूक कुठं झाली हे त्याला कळत होतं आणि त्यानंच जीव जळत होता. ज्या हत्याराच्या जोरावर तो आजवर गावात ताठ चालला, ते त्यानं आपल्या हातानं आपल्याच पोरीवर चालवलं होतं, आणि वरून बक्षीस घेतलं होतं. रंभानं गरम पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला. “तोंड धुवा,” एवढंच म्हणाली.

तो तोंड धूत असताना ज्योत्स्ना म्हणाली, “सोमवारी जाते मी.”

त्यानं चमकून वर पाहिलं.

“मी वाट पाहून राह्यली होती का कोनी बोलन. आज समजलं, दुसरा कोनी बोलला तर त्याची गंमतच होते. माहं मलेच सांगा लागन. तुमी चाला संगं. पन मामा, तिथी काही बोलू नका.”

सोमवारी दोघं ठाण्यात गेले. फाटकाजवळच बहिणींचा हक्काचा भाऊ हात जोडून उभा होता, या खेपेला नव्या बॅनरवर. आत साहेब नव्हते. आमदारांच्या कार्यक्रमाच्या बंदोबस्ताला गेले होते. टेबलाशी एक शिपाई होता, त्यानं उद्या या म्हणून सांगितलं.

“आमी बसतो,” ज्योत्स्ना म्हणाली आणि बाकावर बसली. लटारू तिच्या शेजारी बसला.

शिपायानं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. “अरे, तुमीच ना ते लटारूभाऊ? परवाच्या मंडईतले? मोबाईलवर पाहिलं जी आमी सगळ्याईनं! काय रडले तुमी, बाप्पा बाप्पा!” त्यानं खुर्ची पुढं ओढली. “करा ना जरासं इथी. साहेबही नाई आहेत.”

लटारूचे ओठ हलले. समोर कोणी हौसेनं मागितलं की द्यायचं, हे त्याच्या अंगातच होतं. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि फरशीकडं पाहत राहिला.

“करा ना जी, लाजता कायले?”

“ते सोंग नोहोय,” ज्योत्स्ना म्हणाली. ती उठून टेबलासमोर जाऊन उभी राहिली. “ते माह्यासंगं झालं. तो काय काय बोलला ते सगळं मी सांगते. घ्या लिहून.”

शिपाई हसतच होता, पण हळूहळू त्याचं तोंड मिटलं. त्यानं लटारूकडं पाहिलं, की हा आता काहीतरी गमतीचं बोलेल. लटारू गप्प बसून होता. ज्योत्स्नानं सांगायला सुरुवात केली.