दोघी भोजली आणि एक दाखला

कॅम्प-1 या कामगारवस्तीतल्या पंचफुलाबाईच्या खानावळीत जेवायला बसलेला नवा माणूस पहिल्या घासाला विचारायचा, "काकू, गाव कोणतं तुमचं?" त्या वर्षांत भिलाईत हाच प्रश्न हवेत होता. कारखाना उभा राहत होता, पंजाबी, बंगाली, मल्याळी, आंध्रवाले असा सगळा देश येऊन तंबूत नाहीतर पत्र्याखाली झोपत होता, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं गाव जाणून घ्यायचं होतं. पंचफुला वरण वाढता वाढता "तुमसरकडची" म्हणायची. नागपूरचा फिटर मग ते वरण चाखून हसायचा. "काकू, वरण तर पक्कं छत्तीसगडी झालं तुमचं!" ती त्याच्या ताटात आणखी एक पळी ओतायची आणि पुढच्या पानाकडे वळायची. पण बोलणं तिला लागायचं, हे खरं.

लागायचं, कारण तुमसरलाही तिची हीच गत होती. दोन वर्षांतून एकदा ती भाऊ देवीदासकडे जायची. तिथं सकाळी बासी, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात कालवून, मीठ-कांदा घालून खायला बसली की भावजय पदर तोंडावर धरून हसायची. भंडाऱ्याची माणसं स्वतः दोन्ही वेळ भातच खातात, पण हिच्या बासीची त्यांना मजा वाटायची. गल्लीतल्या पोरी तिला छत्तीसगडीण म्हणायच्या. म्हणजे इकडे तिकडची आणि तिकडे इकडची. पंचफुला यावर फार विचार करणारी बाई नव्हती, चाळीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला तेवढी उसंतही नसते.

अडतीस साली पंधरा वर्षांची असताना नवऱ्यामागोमाग ती भिलाई स्टेशनावर उतरली. नवरा चंपत रेल्वेत गँगमन, रूळ नीट ठेवणाऱ्या टोळीतला. स्टेशन म्हणजे एक शेड आणि गँगवाल्यांची सहा क्वार्टरं. दिवसभर चंपत लाइनीवर, आणि ही दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मालगाड्या बघत रडायची. बाजूच्या आमाडीह गावातल्या बाया तळ्यावर भेटायच्या, बोलायच्या, पण त्यांची बोली हिला कळेना आणि हिची त्यांना. फक्त तिच्याच वयाची एक नवी सून, गालावर गोंदलेली, रोज हिच्या शेजारी घडा ठेवायची आणि न कळणाऱ्या बोलीत खुशाल गप्पा मारायची.

दुसऱ्या वर्षी राखीच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या बाया भोजली घेऊन तळ्यावर निघाल्या. भोजली म्हणजे टोपलीत अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब. ते गाणी म्हणत पाण्यात सोडतात. त्या दिवशी त्या सुनेने त्यातले चार कोंब पंचफुलाच्या कानामागे खोचले आणि तिच्या हातात चार देऊन आपला कान पुढे केला. पंचफुलाने खोचले. तिला वाटलं, खेळ आहे. घरी आल्यावर क्वार्टरातल्या एका जुन्या बाईने सांगितलं, "पोरी, हा खेळ नाई. आता ते तुही जन्माची भोजली झाली. बहिणीपरीस मोठी. आता एकमेकींचं नाव घ्यायचं नाई, मरेपर्यंत. भोजली म्हणूनच हाक मारायची."

त्या सुनेचं नाव बिसाहिन. मला बंदी नाही म्हणून मी ते लिहू शकतो. पंचफुलाच्या तोंडून ते कुणी ऐकलं नाही. आपल्याकडे मैत्रिणी होतात, रुसतात, तुटतात. इथे मैत्री चारचौघांत बांधतात आणि ती सोडायची सोयच ठेवत नाहीत. पंचफुलाला सुरुवातीला हे जरा अतीच वाटलं होतं. पुढे बिसाहिनच्या दोन बाळंतपणांत हिने रात्री जागवल्या, आणि हिच्या तापात तिने महिनाभर चूल पेटवली, तेव्हा तसं वाटायचं राहून गेलं.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्यं नव्याने कापली. तोवर तुमसर आणि दुर्ग एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. आता तुमसर मुंबईकडे गेलं, दुर्ग भोपाळकडे. पंचफुला जागची हलली नव्हती, पण तिचं माहेर परराज्यात गेलं. त्याच सुमाराला कारखान्यासाठी आमाडीहची जमीन घेतली. मोबदला मिळाला, माणसं खुर्सीपार, कोहका, कॅम्प अशी पांगली, आणि वर्षभरात गावाच्या जागी खोदकाम सुरू झालं. बिसाहिन कॅम्पात राहायला आली. पुढच्याच वर्षी चंपत अंगावर काढलेल्या तापाने गेला. क्वार्टर सोडावं लागलं. देवीदास न्यायला आला होता, म्हणाला, "ताई, आता इथं कोन हाय आपलं? आपल्या मुलखात चाल." पंचफुला म्हणाली, कमलिनीची शाळा होऊ दे. खरं कारण ते नव्हतंच. बिसाहिनने आपल्या खोलीला लागून एक खोली आधीच बघून ठेवली होती. तिथेच पंचफुलाने खानावळ मांडली.

कमलिनी एकसष्ट साली मॅट्रिक झाली. चारचौघांत हिंदीतच बोलणारी, मराठी घरात आणि तेही आईला राग आला तर. कारखान्याच्या इस्पितळात मुलींना नर्सिंग शिकवायचा वर्ग निघत होता. त्यात सहा जागा स्थानिक मुलींना राखलेल्या. शिकताना पैसे, शिकून झाल्यावर नोकरी. इकडे देवीदासचं पत्र आलं: तुमसरला एक बिजवर आहे, घरचं चांगलं आहे, दोन लेकरं आहेत, दसऱ्याआधी उरकून टाकू आणि तू पण इकडेच ये. कमलिनीने पत्र वाचलं आणि दोन दिवस जेवली नाही. जागा मिळाली तर लग्न टळणार, नाहीतर मामाला नाही म्हणायला आईजवळ काही उरणार नव्हतं.

जागेला स्थानिक असल्याचा दाखला हवा. आणि इथं घोडं अडलं. शाळेच्या दाखल्यावर कमलिनीचं जन्मगाव तुमसर. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. पंचफुला सातव्या महिन्यात गेली आणि तीन महिन्यांची पोर घेऊन परत आली. त्या तीन महिन्यांनी पोरीला परराज्यातली करून टाकलं. चंपतच्या नोकरीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर मूळ जिल्हा भंडारा. दुर्गच्या कचेरीतल्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, "माताजी, ये तो महाराष्ट्र का केस है।" मग जरा दया येऊन त्याने सांगितलं, गावचा कुणी जुना रहिवासी येऊन साहेबांसमोर बोलला तर होऊ शकेल.

पंचफुला बिसाहिनकडे गेली खरी, पण दारातच अडखळली. स्थानिकांच्या जागा कमी, आणि बिसाहिनच्या पुतणीनेही त्याच वर्गाचा अर्ज केला होता. ज्यांची जमीन गेली त्यांच्या तोंडचा घास आपण मागतो आहोत, असं तिला वाटलं आणि ती तशीच उभी राहिली.

"काबर खड़े हस, भोजली?" बिसाहिनने विचारलं. उभी का?

पंचफुलाने सांगितलं. बिसाहिनने तांदूळ पाखडणं थांबवलं नाही. "पुतणीला मिळायचं असेल तर तिला मिळेल," ती आपल्या बोलीत म्हणाली. "आपली पोर आपली आहे. उद्या किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी तिघी दुर्गला त्या कचेरीत गेल्या. साहेब ग्वाल्हेरकडचा, तरुण, बदलून येऊन दोन महिने झालेले. सकाळीच दोन भाडोत्री साक्षीदार त्याने पकडले होते, त्यामुळे त्याचं डोकं तापलेलं. त्याने पंचफुलाला नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं. तिने चंपतचं नाव सरळ सांगितलं. नवऱ्याचं नाव घ्यायला ती एके काळी लाजायची, पण तो गेल्यावर रेल्वेच्या खिडक्यांवर ते पन्नासदा घ्यावं लागलं आणि लाज मोडली.

मग त्याने बिसाहिनला विचारलं, "इस औरत को पहचानती हो? नाम क्या है इसका?"

बिसाहिन जमिनीकडे बघत उभी.

"नाम?"

साहेब पंचफुलाकडे वळला. "अच्छा, तुम बताओ। तुम्हारी गवाह का नाम?"

आता पंचफुलाच्या तोंडाला कुलूप. साहेबाने पेन खाली ठेवलं. "दोघी जणी एकमेकींना ओळखत नाहीत," असं तो हिंदीत कारकुनाला म्हणाला. "लिखो, गवाह झूठा।"

कमलिनीने आईचं मनगट धरलं. "आई, बोल ना! एक नाम ही तो है!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं आणि भीतीचं. पंचफुलाला बिजवर दिसला, त्याची दोन लेकरं दिसली. तिने स्वतःची समजूत घातली: मी मराठी बाई. ही रीत त्यांची, माझी नाही. माझ्या आईने, आजीने कधी ऐकली नव्हती. मला कशाचं बंधन? नवऱ्याचं नाव घेतलं, आभाळ कोसळलं नाही. तिने तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. तिला आपलाच राग आला, इतका की रडू फुटलं, पण नाव काही बाहेर पडेना. "नाई होत, माय," ती लेकीला म्हणाली. "मले माफ कर. नाई होत माह्यानं."

दाराशी टिकाराम चपराशी उभा होता, दुर्गचाच, पिकल्या मिशांचा. तो बराच वेळ हसू दाबत होता. "हुजूर," तो म्हणाला, "खोट्या असत्या तर नाव पहिल्या झटक्याला सांगितलं असतं. पाठ करून आल्या असत्या. या भोजली आहेत. माझी म्हातारी पण अशीच, तिच्या भोजलीचं नाव मला लग्नाला तीस वर्षं झाली तरी ठाऊक नाही." आणि त्याने साहेबाला सगळी रीत समजावून सांगितली. साहेब ऐकत होता तसा वरमला. माणूस वाईट नव्हता, नवा होता.

"ठीक है, नाम मत लो," तो बिसाहिनला म्हणाला. "ये यहाँ कब से है, ये बताओ।"

मग बिसाहिनचं तोंड सुटलं. पंचफुला पहिल्यांदा तळ्यावर कोणत्या लुगड्यात आली, रूळ ओलांडताना तिचा घडा कसा फुटला, कमलिनी पहिलं पाऊल कुणाच्या अंगणात टाकती झाली, चंपत गेला तेव्हा कोण कोण खांदा द्यायला आलं, सगळं. कारकून लिहिता लिहिता थकला. शेवटी साहेबाने हात वर केला. "बस, बस। गवाह का गाँव?"

"आमाडीह."

कारकुनाने रजिस्टर चाळलं, पुन्हा चाळलं. "हुजूर, असं कोणतं गाव आता नाहीच. आणि ही तर स्वतःच कॅम्पात राहते. हिला रहिवासी कशावरून म्हणायचं?"

बिसाहिन हसली, मग तिला कळलं की तो थट्टा करत नाही. मघाशी धबधब्यासारखी बोलणारी बाई एकदम लहान झाली. आपलं गाव होतं, हे कुणाला कसं पटवायचं, ते तिला सुचेना. तिच्यावर अशी वेळ कधी आलीच नव्हती. पंचफुलावर रोज येत होती.

पंचफुलाने डोळे पुसले आणि ती टेबलाजवळ गेली. "साहेब, लिहा. ते माह्या गावची हाय. तिच्या सासऱ्याचं घर तळ्याच्या पाळीवर होतं, बाजूले मोहाचं झाड होतं. मी सांगून राहिली ना."

"तुम्हारा गाँव तो भंडारा में है," साहेब म्हणाला.

"जन्म भंडाऱ्याचा, साहेब. गाव आमाडीह."

साहेबाने दोघींकडे पाहिलं, टिकारामकडे पाहिलं आणि सही केली.

बाहेर आल्यावर पंचफुला पायरीवर टेकली. तिला वाटलं, आपण साहेबासमोर भलतंच बोलून बसलो. मग ती ते बोलणं मनात पुन्हा म्हणून बघत राहिली, आणि त्यात खोटं काय ते तिला सापडेना. बिसाहिन पायरीवर बसून नाक पुसत होती. कमलिनी दोघींच्या मध्ये बसली, दाखला घट्ट धरून, आणि भीतभीतच म्हणाली, "आई, मामाला काय लिहू?"

"लिही, पोरगी शिकून राहिली, लग्न नाई," पंचफुला म्हणाली. "आनं लिही, ताईले न्यायले येऊ नको. ते आपल्याच मुलखात हाय."