दोघांचा तवा

"मिनिमम टू पर्सन," वेटर म्हणाला.

नोदा साहेबांनी एक बोट वर केलं. वेटरनं दोन बोटं वर केली. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी दारात उभा, हातात गाडीची चावी. मी ड्रायव्हर. मी त्या हिशेबात नव्हतोच.

मी कुवेतमध्ये शुऐब्याच्या एका प्लँटसाठी गाडी चालवतो. मला गेस्ट ड्युटी असते. म्हणजे बाहेरून आलेल्या इंजिनिअरला हॉटेलवरून प्लँटवर न्यायचं, परत आणायचं आणि मधे त्याला काय लागेल ते बघायचं. गेस्टबरोबर जेवायचं नाही, हा कंपनीचा रूल. माझ्या आधीचा ड्रायव्हर एका गेस्टच्या टेबलावर बिर्याणी खाताना दिसला आणि ट्रकवर गेला. मी माझा डबा गाडीत खातो. काच थोडी खाली, एसी चालू. बरं चाललं होतं.

त्या वेळी शटडाऊन होता. शटडाऊन म्हणजे प्लँट बंद ठेवून मशिनं उघडतात, आतून बघतात. नोदा साहेब कॉम्प्रेसर बघायला जपानहून आले होते. वयानं माझ्याच बरोबरीचे, सडपातळ, बोलणं कमी. दिवसभर उन्हात उभे राहायचे आणि रात्री हॉटेलवर बिस्किटं खाऊन झोपायचे.

आमचे अॅडमिनचे थॉमस सर, केरळचे. त्यांनी मला बोलावलं.

"चाचा, गेस्ट जेवत नाही. त्याला सुकियाकी पाहिजे."

"ते काय असतं?"

"बीफ. गरम. टेबलावर बनवतात. मला विचारू नका, शोधा." मग दरवाजा लोटून म्हणाले, "मुदीर म्हातारे ड्रायव्हर कमी करतोय. तुमचा इकामा संपत आलाय. हा गेस्ट खूश होऊन गेला तर मला तुमच्यासाठी तोंड उघडता येईल."

मुदीर म्हणजे मोठा साहेब, कुवेती. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो संपला की बॅग भरायची.

लोक म्हणतील, साठी उलटली, आता घरी जा. कुठल्या घरी? दापोलीकडे माझं चिऱ्याचं घर आहे. मी इथे कमावून बांधलं, त्यात राहिली रुकय्या, माझी बायको. ती गेल्या रमजाननंतर वारली. मी विमानात होतो तेव्हा तिचं दफन झालं. पोरगी लग्न होऊन पनवेलला. चाळिसावा करून मी कुलूप घातलं आणि ड्युटीवर आलो. ती किल्ली खिशात आहे, पण परत जाऊन ती लावायला मन होत नाही. इथे निदान सकाळी फोन वाजतो, चाचा कुठे आहात. पगार राहू द्या बाजूला, मला तेवढ्यासाठी इकामा पाहिजे होता.

तर शोधायला लागलो. मी चौथी शिकलेला, फोनवर फार वाचता येत नाही. रस्ते मात्र येतात.

पहिल्यांदा साहेबांना सालमियाला एका मोठ्या हॉटेलात नेलं. खूप दिवे. प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याचं छोटं भांडं उकळत होतं, त्यात मांस बुडवायचं आणि खायचं. साहेब पाचच मिनिटांत बाहेर आले.

"शाबू-शाबू," म्हणाले. "नॉट सुकियाकी."

गाडीत त्यांनी फोनवर फोटो दाखवला तेव्हा मला फरक कळला. शाबू-शाबू पाण्यात. सुकियाकी लोखंडी तव्यात, गोड रश्श्यात, आणि सगळ्यांचा तवा एकच. शिवाय तिथलं मांस जाड होतं, आपण सुक्क्याला कापतो तसं.

दुसऱ्यांदा मॉलमध्ये नेलं. तिथे किचनमधूनच वाडगा भरून आला. साहेबांनी झाकण उचललं, "सूप" म्हणाले आणि झाकण परत ठेवलं. मला राग आला. एवढं पार्किंग शोधून गाडी लावलेली.

गाडीत म्हटलं, "साहेब, हंग्री मॅन ईट."

"हंग्री मॅन वेट," साहेब म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मग मी डोकं लावलं. हॉटेलवाल्यांना विचारलं तर सगळे म्हणतात, आमच्याकडेच या. म्हणून सालमियाच्या मार्केटमध्ये मटणवाल्याकडे गेलो. अन्वर त्याचं नाव, आमच्याच बाजूचा, हर्णैचा.

"अन्वर, बीफ एकदम पातळ कोण कापून नेतो रे?"

"एक फिलिपिनो आहे ना! अर्धवट गोठवून घेतो आणि मशीनवर कापायला लावतो. कागदासारखं. मी म्हटलं, बाबा, याचं करतोस काय, खिडकीला लावतोस?"

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, ये खायला. मी कशाला जातोय! मला चावायला काहीतरी लागतं."

मांस गोठवल्याशिवाय पातळ कापता येत नाही, ताजं असलं की सुरीखाली सरकतं. जो एवढा खटाटोप करतो तो उगाच करत नसणार. अन्वरकडून पत्ता घेतला.

टेलरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ती जागा. मोजकी टेबलं, प्रत्येकावर गॅसची छोटी शेगडी, शेगडीवर काळा बिडाचा तवा, काठ उंच. नोदा साहेबांनी तवा बघितला आणि चष्मा काढून पुसला. मी समजलो, हीच जागा.

आणि तेव्हा वेटरनं ते टू पर्सनचं काढलं. तवा मोठा, ऑर्डर दोघांचीच, एकट्याला देत नाहीत.

"साहेब, ड्रायव्हर नो सिट," मी म्हटलं. "कंपनी रूल."

नोदा साहेब खुर्चीवरून हलले नाहीत. "इब्राहिम-सान. यू सिट, आय ईट. यू नो सिट, आय नो ईट."

आता बघा. बसलो आणि कोणी बघितलं तर इकामा गेला. नाही बसलो तर गेस्ट उपाशी, म्हणजे तरी इकामा गेलाच. मी बसलो.

बसण्याआधी आत जाऊन तो फिलिपिनो कुक गाठला. मांस अन्वरकडचं, म्हणजे हलाल, पण रश्श्याचं कोण सांगणार? जपानात त्यात दारू घालतात, असं ऐकलं होतं.

"रश्श्यात दारू आहे?"

"चाचा, कुवेतमध्ये दारू आणू कुठून? सोया सॉस, साखर, पाणी."

साहेबांनी शेगडी पेटवली. तव्यावर चरबीचा तुकडा फिरवला, मग मांसाची एक पट्टी टाकली, वर रस्सा. चर्र झालं. मला वाटलं मदत करावी, म्हणून ताट उचलून सगळं मांस तव्यात ओतायला गेलो. साहेबांनी खाण्याच्या काडीनं माझ्या हातावर टपकन मारलं.

"वन! वन!"

एकेकच टाकायची. लगेच काढायची. जपानात ती कच्च्या अंड्यात बुडवून खातात म्हणे. वेटर म्हणाला, कच्चं अंडं आम्ही देत नाही. बरंच झालं.

पहिली पट्टी साहेबांनी माझ्या ताटलीत ठेवली. मी हात लावला नाही. पहिला तुकडा दुसऱ्यानं ताटात टाकायचा, हे माझ्या घरी होतं. मासा कसलाही असो, मधला तुकडा माझा, आणि रुकय्या तो विचारून टाकत नसे. ती गेल्यापासून मी ताट घेत नाही. पातेल्यातच चमचा घालतो.

"हॉट?" साहेबांनी माझ्या डोळ्यांकडे बघून विचारलं.

"हॉट," मी म्हटलं.

बीफ गोड लागतं हे मला पटलं नाही. तरी खाल्लं. भाज्या घातल्या, टोफू घातला, शेवटी उरलेल्या रश्श्यात नूडल्स घातल्या. साहेबांनी तवा पुसून काढला म्हणा ना. मग खुशीत वेटरकडून आमचा दोघांचा फोटो काढून घेतला. मी नको म्हणेपर्यंत तो थॉमस सरांना गेलासुद्धा, खाली थँक्यू लिहून.

सकाळी फोन वाजला. "चाचा! गेस्टच्या टेबलावर? काडीनं खाताय? फोटो मुदीरनं बघितला. वर या."

वर गेलो. किल्ली खिशात टोचत होती. मुदीर फोटो मोठा करून बघत होता.

"ही जागा कुठे आहे?"

"सालमिया."

"तुला कोणी सांगितली?"

"मटणवाल्यानं."

"मी या जपान्यांना इतकी वर्षं आपली मटण-भाताची मंदी खायला घालतोय," मुदीर थॉमस सरांना म्हणाला. "थँक्यू म्हणतात आणि ताटात तसंच टाकून उठतात. तुम्हाला कोणाला ही जागा सापडली नाही?" मग माझ्याकडे वळला. "रूल माहीत आहे?"

"माहीत आहे. एकट्याला देत नाहीत, म्हणून बसलो."

"आज बसू नको. आज मी जातो."

त्या संध्याकाळी मुदीर आणि नोदा साहेब वर जेवले. मी खाली गाडीत डबा खाल्ला. आठवड्याभरात इकामा वाढला, एका वर्षानं. थॉमस सर म्हणतात त्यांनी शब्द टाकला. टाकला असेल.

रूल अजून आहे. पण गेस्ट एकटा आला की थॉमस सर सकाळी फोन करतात, "चाचा, आज डबा आणू नका." मी समजतो.

कुवेतमध्ये कुणाला सुकियाकी खायची असेल तर माझं ऐका. तवा तुमच्या टेबलावर तापत नसेल तर उठा. मांस पातळ नसेल तरी उठा. पार्सल नेऊ नका, चरबी थिजते.

मध्ये एका शुक्रवारी सुट्टी होती. जुम्याची नमाज झाली, पातेल्यात चमचा घालायचा कंटाळा आला, म्हणून मीच तिथे गेलो. वेटर ओळखीचा. हसला, दोन ताटल्या घेऊन आला.

"साहेब मागून येतायत का चाचा?"

"कोणी नाही. मी एकटाच."

त्यानं काउंटरवरच्या मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरनं नाही म्हणून मान हलवली. वेटरनं दोन्ही ताटल्या उचलल्या. त्याचा दोष नाही, रूल आहे. मी जिना उतरलो आणि मंगफला, माझ्या खोलीवर येऊन डाळ टाकली.

तेव्हा जाण्याआधी फोन करा आणि एकट्याला देतात का, विचारा. दोघं असाल तर विचारायची गरज नाही. सरळ जा.