राखणदारापासून सात पावलं

ऑफिसात त्यांना सगळे जॉइंटरआबा म्हणत. जमिनीखालच्या टेलिफोन केबलचे जोड करण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. पण मला आधी आठवतं ते त्यांचं चालणं. केबल शोधायची म्हटलं की आबा चपला काढून रस्त्याच्या कडेला नीट जोडीने ठेवत आणि अनवाणी पावलं मोजत निघत. पेडण्याच्या उन्हात डांबर तापलेलं असायचं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आबा, पाय भाजतील." तर म्हणाले, "चप्पल घातली काय पावल फटी मारता, मॅडम." म्हणजे पाऊल खोटं बोलतं.

मी डिचोलीची. वडील खाणीवर ट्रक चालवायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. इंजिनिअर होऊन पेडण्याच्या ऑफिसात लागले तेव्हा वर्षभर प्रोबेशन होतं आणि हाताखाली माझ्या वडिलांच्या वयाची माणसं. आबा तर निवृत्त झालेले, हळर्णहून रोजंदारीवर यायचे. चार माणसांत ते मला मॅडम म्हणत आणि जीपमध्ये आम्ही दोघंच असलो की, लेकीला म्हणावं तसं, बाय. त्या दोन शब्दांत किती अंतर आहे, हे मला त्या सकाळी कळलं.

विमानतळाकडे जाणाऱ्या उड्डाणपुलाचं काम चाललं होतं. खांबांच्या खड्ड्यांआड येणाऱ्या आमच्या केबल आधी बाजूला घ्यायच्या, मग त्यांनी खोदायचं, असं ठरलेलं. वळणावरच्या एका खड्ड्यासाठी मी 'येथे आमची केबल नाही, खोदण्यास हरकत नाही' असा कागद सही करून दिला होता. नकाशात तसंच होतं. केबल रस्त्याच्या कडेने सरळ गेलेली आणि खड्डा तिच्यापासून चांगला लांब. नोकरीतली माझी ती पहिली स्वतंत्र सही. ती करताना मला आईची आठवण झाली होती. ती अजून अंगठा लावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या वळणावर पोचलो तेव्हा चुन्याची चौकट आखून तयार होती आणि खोदायचं मशीन सुरू करून ठेवलेलं होतं. मुलीच्या घरी, मांद्रेला, तीन महिने आजारी पडून राहिलेले आबा त्या दिवशी पहिल्यांदाच कामावर आले होते. जीपमधून उतरले, चौकट पाहिली आणि विचारलं, "हो कागद कोणें दिलो?"

"मी," मी म्हटलं.

आबा सरळ जाऊन मशीनच्या दातांसमोर उभे राहिले. "हांगा केबल आसा. कोरगावपासून दर्यापर्यंतचे सगळे फोन हिच्यावर. दवाखान्याचोय."

रस्त्याचे इंजिनिअर पुण्याकडचे, तरुण, चिडलेले. त्यांनी माझा कागद माझ्यासमोर धरला. "मॅडम, सही तुमची आहे ना?"

आबांनी मला कारण सांगितलं. केबल टाकली तेव्हा ते खोदणाऱ्या टोळीत होते. वळणावर, कडेलाच, राखणदाराचा दगड होता. गावाची राखण करणारा देव. त्याच्या अंगाला पहार लावायला एकही माणूस तयार होईना. म्हणून केबल दगडाला वळसा घालून, कडा सोडून रस्त्याच्या आत नेली. नकाशा आधीच काढून झाला होता, तो कोणी बदलला नाही. "राखणदाराक पाठ करून सात पावलां," आबा म्हणाले. केबल शोधायचं यंत्र पणजीहून यायला दोन दिवस लागणार होते. इंजिनिअर म्हणाले, "बारापर्यंत हाताने खणून दाखवा. नाही सापडली तर मशीन चालणार, आणि कामाचा खोळंबा तुमच्या नावावर लिहून जाणार."

आबांनी चपला काढल्या. थोडं आत, पत्र्याच्या नव्या छपराखाली दगड होता, तेलाने काळा झालेला, समोर पणती. आबांनी हात जोडले, वळले आणि सात पावलं मोजली. तिथे खणायला घेतलं. दोन फूट गेले, तीन फूट गेले. लाल माती आणि दगडगोटे. साडेदहा वाजून गेले. आबा खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसले होते, त्यांचे ओठ हलत होते. पुन्हा पुन्हा सातपर्यंत मोजत असावेत.

"देवाच्या भरवशावर पूल बांधत नाही आम्ही," इंजिनिअर हसून म्हणाले. कामगारही हसले. खरं सांगायचं तर 'खोदा' असं लिहून द्यायला मी पर्समधून पेन काढलं होतं. माणूस म्हातारा झाला, आजारातून उठलाय, चुकत असेल, असं माझ्या मनात आलं होतं. ते मी लपवणार नाही.

समोर एका काकींचं घर आणि पुढ्यात चहा-पावाचा गाडा होता. त्या मघापासून बघत होत्या. आता कपबशा तशाच टाकून आल्या. "आबा, कितें सोदता?"

"राखणदारापासून सात पावलां, गे."

"पूण देव पयलीं हांगा नासलो! रस्त्याखातीर गाऱ्हाणें घालून, नारळ दिवन हांगा हाडून बसयला. दोन म्हयने जाले."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. मी नोकरीत नवी आणि ते मांद्रेला. देव हलवल्याचं आम्हा दोघांनाही कोणी सांगितलं नव्हतं. आणि जुनी जागा आता कुठे शोधायची? तिथलं झाड तोडलेलं, सगळं रोलरने सपाट केलेलं. सव्वाअकरा झाले.

काकी म्हणाल्या, "हांव दारांत रावून रोज दिवो पळयतालें. म्हजी नदर चुकची ना." त्या जाऊन आपल्या उंबऱ्यावर, रोज देवाचा दिवा बघायच्या तिथेच, उभ्या राहिल्या आणि तिथून ओरडू लागल्या, "फाटीं सर, आबा! आनीक! आनीक इल्लें!" मधून डंपर जात होते. त्या धुळीत एक म्हातारा अनवाणी पायांनी इंच इंच मागे सरकत होता. "राव!"

आबा थांबले. तिथेही त्यांनी हात जोडले, रिकाम्या जमिनीला. मग वळून सात पावलं. सातवं पाऊल चुन्याच्या चौकटीच्या आत पडलं.

पेन अजून माझ्या हातात होतं. मी ते आत ठेवलं आणि कामगारांना म्हटलं, "इथे खणा. हळू." अडीच फुटांवर पहारीला काहीतरी लागलं. "राव रे!" म्हणत आबा स्वतः आत उतरले. बोटांनी माती सारली. विटांची ओळ निघाली, केबलवर अंथरतात तशी. एक वीट उचलली. खाली काळी, जाड केबल. त्यांनी तिच्यावर तळवा ठेवला, एखाद्याचा ताप बघावा तसा. "जिवी आसा, बाय."

सगळ्यांसमोर बाय म्हणाले.

बाराला पाच मिनिटं होती. मी इंजिनिअरांकडून माझा कागद मागून घेतला आणि सहीवर रेघ मारली. जाताना त्यांनी काकींच्या गाड्यावर आबांना चहा पाजला, हेही सांगायला हवं. परतताना जीपमध्ये आबा इतकंच म्हणाले, "सही करचे आदीं एक फावट, एकदां तरी, चलून यो." माझ्या चुकीबद्दल ते त्याहून जास्त कधीही बोलले नाहीत, माझ्याशी नाही आणि कोणाशीच नाही.

केबल बाजूला घेतली. जोड आबांनीच केले. मग मी नकाशा दुरुस्त केला आणि दाखवायला हळर्णला त्यांच्या घरी गेले. सोप्यावर बसून ते बोटाने रेघेवरून फिरले, वळशापाशी थांबले. "म्हजीं सात पावलां खंय?"

मी मीटरचा आकडा दाखवला.

"तें म्हाका कळना."

मी खिडकीतल्या फळीवर कागद ठेवून, मीटरच्या शेजारी मराठीत लिहिलं: राखणदाराच्या जुन्या जागेपासून ७ पावलं. त्यांनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि समाधानाने म्हणाले, "आतां हांव नासलों तरी चलता."

गणेशचवथीच्या आधी ते गेले. त्यानंतर महिन्याभरात नकाशा वरच्या ऑफिसातून शेरा मारून परत आला: 'पाऊल' हे माप ग्राह्य नाही. पाऊल कोणाचे, याचा खुलासा करावा.

मी उत्तर लिहायला बसले. आबा जन्मभर रोजंदारीच्या यादीत आणि हजेरीपटावर 'जॉइंटर' म्हणूनच राहिले होते. मी त्यांचं नाव लिहिलं, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम हळर्ण, तालुका पेडणे. त्यापुढे लिहिलं, 'अनवाणी'. मग चालत त्या वळणावर गेले, पुन्हा एकदा मोजून आले आणि सही केली.